किंचित गोड, पुरेशी आंबट: जर्मन रीसलिंगबद्दल वाचकांचे प्रश्न

वाईनच्या सदरात जर्मन रीसलिंगचा, म्हणजे रीसलिंग या द्राक्षवाणापासून केलेल्या व्हाइट वाईनचा, नुसता उल्लेख झाला आणि त्यावर पुष्कळ पत्रं आली. बहुतेकांना एकच शंका होती, ती पहिल्या प्रश्नात आली आहे. बाकीचे प्रश्न लेबल, जेवण, साठवण आणि मधुमेहाबद्दलचे आहेत. सारखे वाटणारे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

ठाण्याहून एक वाचक: जर्मन व्हाइट वाईन गोडसर असते म्हणून जाणकार नाक मुरडतात असं ऐकलं होतं. तुम्ही मात्र तिचं कौतुक करता. नेमकं खरं काय?

नाक मुरडण्याला कारण होतं, पण ते आता जुनं झालं. 1970 आणि 80 च्या दशकांत जर्मनीबाहेर जिचा मोठा खप होता ती लीबफ्राउमिल्श नावाची वाईन. म्युलर-थुरगाउसारख्या भरघोस पिकणाऱ्या वाणांपासून केलेली, आंबटपणा बेताचा, वास फिका आणि वर साखर. लोकांनी ती प्यायली, कंटाळले आणि ‘जर्मन म्हणजे गोडमिट्ट’ असं ठरवून मोकळे झाले. त्या वाईनमध्ये साखर होती हा दोष नव्हता. साखरेला तोलून धरणारं तिच्यात काहीच नव्हतं, हा होता.

मोझेल, तिची उपनदी झार, नाहे आणि राइनगाउ या भागांतली रीसलिंग यापेक्षा अगदी वेगळी आहे. हे भाग सुमारे 50 अंश उत्तर अक्षांशावर येतात. द्राक्ष पिकण्याची ही जवळजवळ शेवटचीच हद्द. इथे रीसलिंग सावकाश पिकते, ऑक्टोबरपर्यंत वेलीवर राहते आणि तिच्यातलं आम्ल टिकतं. तयार वाईनमध्ये लिटरमागे 7 ते 9 ग्रॅम आम्ल सहज असतं. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच व्हाइट वाईनमध्ये ते 5-6 ग्रॅमच भरतं. लिंबू सरबतात साखर घातली नाही तर दात आंबतात आणि लिंबू कमी पडलं तर नुसता पाक होतो. इथेही तेच. 40 ग्रॅम साखर आणि साडेआठ ग्रॅम आम्ल असलेली मोझेलची काबिनेट (हा हलका प्रकार, खुलासा पुढे आहे) जिभेला ‘गोड’ लागत नाही, ती रसाळ लागते. आधी हिरवं सफरचंद, लिंबाची साल किंवा पीचसारखा वास येतो, मग गोडवा, आणि घोट गिळताना आंबटपणा सगळं धुऊन नेतो.

चांगली-वाईट ओळखायची एक सोपी खूण आहे. घोट गिळल्यावर दहा सेकंद थांबा. जिभेवर पाक बसल्यासारखा चिकटपणा राहिला तर तोल गेलेला आहे. दोन्ही गालांच्या आतून लाळ सुटली आणि पुढचा घोट घ्यावासा वाटला तर वाईन नीट जमलेली आहे, मग तिच्यात साखर कितीही असो.

अशा गोडसर रीसलिंगचं दुसरं आकर्षण म्हणजे अल्कोहोल कमी, साडेसात ते नऊ टक्के. एवढ्या कमी अल्कोहोलमध्ये इतका वास आणि इतकी लांब रेंगाळणारी चव देणाऱ्या वाईन जगात फार नाहीत. आमच्या मते हिचं खरं मोठेपण इथेच आहे.

कोल्हापूरहून एक वाचक: लेबलवर इतके जर्मन शब्द असतात की बाटली गोड निघणार की कोरडी तेच कळत नाही. काही युक्ती आहे का?

आहे. आधी अल्कोहोलचा आकडा बघा, शब्द नंतर.

द्राक्षाच्या रसातल्या साधारण 17 ग्रॅम साखरेपासून लिटरमागे 1 टक्का अल्कोहोल तयार होतं. समजा, रसातली सगळी साखर आंबली असती तर 10.6 टक्के अल्कोहोल झालं असतं. पण वाईनरीने आंबणं 8 टक्क्यांवर थांबवलं. उरलेले 2.6 गुणिले 17, म्हणजे अंदाजे 44 ग्रॅम साखर बाटलीत राहिली. म्हणून जर्मन रीसलिंगवर 7 ते 9 टक्के छापलं असेल तर गोडवा स्पष्ट जाणवणार हे नक्की समजा. साडेनऊ ते साडेअकराच्या मध्ये असेल तर बहुधा किंचित गोड. बारा किंवा त्यावर असेल तर जवळजवळ नेहमीच कोरडी. अपवाद असतात, विशेषतः दहा-अकरा टक्क्यांच्या कोरड्या काबिनेट. पण त्यांच्यावर ‘ट्रोकन’ असं छापलेलं असतं.

आता शब्द. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी: लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर. आम्ल भरपूर असेल तर 9 ग्रॅमपर्यंत चालते, मात्र साखर आम्लापेक्षा 2 ग्रॅमहून जास्त नको. ‘हाल्बट्रोकन’ला 12 ग्रॅमपर्यंत मुभा आहे. साखर आणि आम्ल यांत 10 ग्रॅमहून जास्त फरक नसेल तर 18 पर्यंत. त्यापुढे 45 ग्रॅमपर्यंत ‘लीब्लिख’ आणि त्याहून जास्त असेल तर ‘झ्युस’. कायद्याने आकडा ठरवतानासुद्धा आम्लाकडे बघितलं आहे, हे ध्यानात घ्या.

‘फाइनहेर्ब’ हा शब्द तुम्हाला बऱ्याच बाटल्यांवर दिसेल. त्याला कायद्यात आकडा नाही. बनवणारे तो हाल्बट्रोकनच्या जागी किंवा त्याच्याही थोडं पुढे, पंधरा-पंचवीस ग्रॅमच्या वाईनसाठी वापरतात. हा प्रकार पहिल्यांदा चाखणाऱ्यांना आम्ही फाइनहेर्बपासूनच सुरुवात करायला सांगतो. कोरडीची सवय असलेल्यांना ती फार गोड वाटत नाही आणि नवख्यांना फार आंबट वाटत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो ‘काबिनेट’, ‘श्पेटलेझे’, ‘आउसलेझे’ या शब्दांचा. ही गोडीची मापं नाहीत. तोडणीच्या वेळी द्राक्षं किती पिकली होती त्याची आहेत. म्हणून ‘श्पेटलेझे ट्रोकन’ ही पूर्ण कोरडी वाईनही मिळते. पण मोझेलच्या बाटलीवर नुसतं ‘काबिनेट’ किंवा ‘श्पेटलेझे’ असेल, पुढे ट्रोकन नसेल आणि अल्कोहोल 8 टक्के असेल, तर ती गोड बाजूची आहे यात शंका नाही. काबिनेटमध्ये साधारण 35 ते 50 ग्रॅम, श्पेटलेझेमध्ये 60 ते 90 ग्रॅम साखर सापडते. ‘जीजी’ ही दोन अक्षरं दिसली तर ती नामांकित बागेची कोरडी वाईन. गोडसर हवी असेल तर ती घेऊ नका.

गावाच्या नावानेही फसगत होते. ‘पीसपोर्टर गोल्डट्रोप्फशेन’ ही पीसपोर्ट गावची एक नेमकी, उताराची, नावाजलेली बाग. ‘पीसपोर्टर मिशेल्सबर्ग’ हे मात्र आजूबाजूच्या पुष्कळ गावांच्या बागांना मिळून दिलेलं नाव. दोन्ही लेबलं सारखीच भारदस्त दिसतात. 1971 च्या वाईन कायद्याने हा घोळ करून ठेवला. शंका आली तर ‘गुट्सआबफ्युलुंग’ हा शब्द शोधा. तो असेल तर द्राक्षं आणि बाटली दोन्ही त्याच मळ्याची.

नाशिक जिल्ह्यातून एक द्राक्ष बागायतदार: ही साखर वरून घालतात की रसातलीच असते? आणि आपल्याकडे अशी वाईन का होत नाही? आम्ही ब्रिक्समध्ये मोजतो, ते कशात मोजतात?

मापापासून सुरुवात करू. जर्मनीत रसाची गोडी ‘ओक्सले’ अंशात मोजतात. एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके ओक्सले. 80 ओक्सले म्हणजे तुमच्या रिफ्रॅक्टोमीटरवर सुमारे 19.3 ब्रिक्स (100 ग्रॅम रसात साधारण तेवढे ग्रॅम साखर). काबिनेटसाठी विभाग आणि वाणानुसार किमान 67 ते 82 ओक्सले लागतात, म्हणजे अंदाजे साडेसोळा ते वीस ब्रिक्स. श्पेटलेझेसाठी 76 ते 90, म्हणजे साडेअठरा ते साडेएकवीस. आपल्याकडच्या मानाने हे आकडे कमीच आहेत. तिथलं कौशल्य साखर वाढवण्यात नाही, कमी साखरेत चव पिकवण्यात आहे.

काबिनेट आणि त्यापुढच्या सगळ्या दर्जांत रसाला बाहेरची साखर घालायला कायद्याने बंदी आहे. वाईनमध्ये राहणारी गोडी द्राक्षाचीच असते. ती राखायच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत आंबणं मध्येच थांबवण्याची. रस थंड तळघरात हळूहळू आंबतो, कधी कधी काही आठवडे. वाईनमेकर रोज चव घेतो आणि घनता मोजतो. हवा तो तोल आला की टाकीचं तापमान झपाट्याने खाली आणतात, गंधकाचं प्रमाण वाढवतात आणि बारीक फिल्टरमधून यीस्ट गाळून काढतात. यातलं गाळणं कमी पडलं तर बाटलीत यीस्ट पुन्हा जागं होतं, वाईन गढूळ होते आणि झाकण उघडताना जोरात फुसकारते. यीस्टला ग्लुकोज जास्त आवडतं, ते आधी संपतं. त्यामुळे अशा वाईनमध्ये उरलेल्या साखरेत फ्रुक्टोजचा वाटा मोठा असतो आणि फ्रुक्टोज जिभेला जास्त गोड लागतं.

दुसरी रीत अशी: वाईन पूर्ण कोरडी होऊ द्यायची आणि बाजूला राखून ठेवलेला, न आंबलेला द्राक्षरस शेवटी मिसळायचा. ही रीत कायदेशीर आहे आणि स्वस्तातल्या बाटल्यांत सर्रास वापरतात. तिने वाईन वाईट होते असं नाही. पण गोडवा थोडा वेगळा, वर तरंगल्यासारखा लागतो. नावाजलेले मळे पहिलीच रीत धरून असतात.

आता आपल्याकडचं. तुमचं गणित एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपासची गोडी छाटणी यावर चालतं आणि माल जानेवारी ते मार्चमध्ये पिकतो. रात्री थंड असतात, पण दिवसाचं ऊन कडक आणि फेब्रुवारीपासून वाढत जाणारं. द्राक्षातलं मॅलिक आम्ल उष्णतेत झपाट्याने खर्च होतं. साखर भराभर चढते आणि आम्ल तितक्याच वेगाने उतरतं. मोझेलवर उलटं आहे: कोंब एप्रिल-मेमध्ये, फुलोरा जूनमध्ये, तोडणी ऑक्टोबरात आणि हवा दिवसागणिक थंड होत जाते. नाशिक भागात रीसलिंग लावलेली आहे आणि तिची वाईनही होते, पण ती जात्याच वेगळी, आंबटपणाला मऊ. किंचित गोड वाईनसाठी आपल्या हवेत शेनिन ब्लाँ हे वाण जास्त भरवशाचं आहे, कारण ते उन्हातही आम्ल बऱ्यापैकी टिकवतं. लवकर तोडणी हा एक उपाय आहे. पण 17 ब्रिक्सला तोडलेल्या आपल्या मालात आम्ल मिळालं तरी वास भरलेला नसतो. मोझेलच्या 17 ब्रिक्समागे शंभरावर थंड दिवस असतात.

तिथल्या बागांबद्दल दोन गोष्टी तुम्हाला आवडतील. मोझेलच्या चांगल्या बागा दक्षिणेकडे तोंड केलेल्या खड्या उतारांवर आहेत. ब्रेम गावचा काल्मोंट तर जागोजागी 60 अंशांहून जास्त उभा आहे. जमीन म्हणजे पाटीच्या दगडाच्या चिपा. दिवसभर तापतात, रात्री ऊब सोडतात आणि पाऊस झरझर खाली जाऊ देतात. जुन्या बागांत मांडव किंवा तारा नाहीत. प्रत्येक वेल स्वतंत्र खांबाला बांधतात आणि दोन काड्या वाकवून हृदयाच्या आकारात खाली आणतात. माणूस खांबाखांबाला धरून आडवा चालू शकतो. ट्रॅक्टर बहुतेक ठिकाणी चढतच नाही, त्यामुळे मजुरी सपाट बागेच्या कैक पट लागते. शिवाय या चिपांच्या जमिनीत फायलोक्सेरा हा वेलीची मुळं खाणारा कीटक फारसा तग धरत नाही. म्हणून तिथे कलम न केलेल्या, स्वतःच्या मुळांवरच्या जुन्या वेली आजही उभ्या आहेत.

छत्रपती संभाजीनगरहून एक वाचक: मला मधुमेह नाही, पण वडिलांना आहे. गोड वाईनमध्ये साखर किती पोटात जाते? कोरडी घेतली तर जाड होणार नाही, हे बरोबर आहे का?

150 मिलिलिटरचा एक ग्लास धरू. 40 ग्रॅम साखरेच्या काबिनेटमधून 6 ग्रॅम साखर जाते, 20 ग्रॅमच्या फाइनहेर्बमधून 3 आणि कोरडीतून अर्धा-एक ग्रॅम. उष्मांकाचं गणित मात्र वेगळं लागतं. अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅममागे 7 कॅलरी असतात. 8 टक्क्यांच्या काबिनेटच्या ग्लासात साडेनऊ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणून सगळ्या मिळून अंदाजे 90 कॅलरी. 13 टक्क्यांच्या कोरड्या वाईनच्या ग्लासात पंधरा ग्रॅमहून थोडं जास्त अल्कोहोल, म्हणजे अंदाजे 110. तेव्हा ‘कोरडी म्हणजे हलकी’ हा समज चुकीचा आहे.

वडिलांसाठी हे गणित पुरेसं नाही. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर अल्कोहोलने काही तासांनंतर, कधी रात्री झोपेत एकदम खाली जाऊ शकते, विशेषतः उपाशीपोटी. त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोड किंवा कोरडी, कुठलीच देऊ नका.

पुण्याहून दोन वाचक, एकाच आशयाचं पत्र: भेट मिळालेल्या बाटलीला रॉकेलसारखा वास आला, दुसरीच्या तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे होते. फेकून द्यावी का?

फेकू नका.

रॉकेलचा वास हे जुन्या रीसलिंगचं लक्षण आहे. द्राक्षाच्या सालीतल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून टीडीएन नावाचं संयुग तयार होतं. वर्षं जातात तसं ते वाढतं. घोस उन्हात उघडे राहिले असतील तर जरा जास्तच. मध, सुकलेलं जर्दाळू आणि मागे हलका रॉकेलचा वास हे काहींना फार प्रिय असतं. एक-दोन वर्षांच्या बाटलीत तो एवढा भपकन आला की बाकी काहीच कळेना, तर मात्र द्राक्षं फार तापलेली असावीत किंवा बाटली उष्णतेत राहिलेली असावी.

खडे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे आहेत. बाटली थंड झाली की ते तळाला किंवा बुचाला बसतात. दाताखाली कचकन लागतात, पण अपाय काही नाही. बाटली दोन तास उभी ठेवा आणि शेवटचा बोटभर भाग ग्लासात ओतू नका.

आणखी दोन वास ओळखून ठेवा. नुकत्याच उघडलेल्या तरुण मोझेलला विझलेल्या काडीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा वास येतो. तो बागेतल्या आणि तळघरातल्या नैसर्गिक यीस्टने आंबवल्याचा आणि गंधकाचा असतो. वाईन काचेच्या जगमध्ये ओतून अर्धा-एक तास ठेवली की बराचसा जातो. उलट भिजलेल्या पुठ्ठ्याचा, बंद खोलीतल्या दमटपणाचा वास आला आणि फळाचा मागमूस नसला तर बुचातून आलेला बिघाड आहे. तो हवेने जात नाही, वाढतो. ती बाटली दुकानदाराला परत करा. हा त्रास टाळायचा म्हणूनच आता बहुतेक मळे आटेबंद धातूचं झाकण वापरतात. ते हलक्या मालाचं लक्षण समजू नका.

जिभेवर बारीक बुडबुडे टोचले तर तो आंबण्यातला थोडा कार्बन डायऑक्साइड आहे आणि तरुण वाईनला तो शोभतो. गढूळपणा आणि जोराचा फेस दोन्ही एकदम असतील तर मात्र बाटलीत पुन्हा आंबणं सुरू झालं आहे.

रत्नागिरीहून एक वाचक: आमच्याकडे मासे, नारळ आणि तिखट. कुठली वाईन बरोबर जात नाही असा अनुभव. ही जाईल का?

जाईल, आणि कारण सरळ आहे. मिरचीने तोंडातल्या ज्या संवेदकांना आग होते, त्याच संवेदकांना अल्कोहोलही चाळवतं. त्यामुळे 14 टक्क्यांच्या वाईनबरोबर सुकं खाल्लं की जाळ दुप्पट वाटतो. रेड वाईनमधला तुरटपणा त्यात भर घालतो. 8-9 टक्क्यांच्या गोडसर रीसलिंगमध्ये अल्कोहोल कमी, तुरटपणा जवळजवळ नाही, साखर आग शमवते आणि आंबटपणा नारळाचं आणि तेलाचं तवंग कापतो.

तळलेले बोंबील, रव्यातली सुरमई, कोळंबीचं भुजणं यांच्याबरोबर फाइनहेर्ब पुरे. तळणीला साखर कमी आणि आंबटपणा जास्त हवा. कोळंबीचं किंवा सरंग्याचं कालवण जरा झणझणीत असेल तर काबिनेट. कोंबडी-वडे, कोल्हापुरी तांबडा रस्सा अशा जाळाला श्पेटलेझे. इथे काबिनेट पाण्यासारखी फिकी पडते. पांढऱ्या रश्शाबरोबर थोडी जुनी, पाच-सात वर्षांची काबिनेट फार सुरेख लागते. काजू-खसखशीची मऊ चव आणि वाईनचा मधासारखा झालेला वास एकमेकांना धरून राहतात.

कशाबरोबर जात नाही तेही सांगतो. सोलकढी बाजूला असेल तर तिचा आणि वाईनचा आंबटपणा भांडतो. दोन्हींतलं एकच ठेवा. मोहरीचा ठसका असलेलं लोणचं वाईनचा वास मारून टाकतं. आणि पुरणपोळी किंवा श्रीखंडाबरोबर काबिनेट कधीही देऊ नका. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन पातळ आणि आंबट लागते.

जर्मनीत ही वाईन धुरावलेल्या ट्राउटबरोबर, डुकराच्या भाजलेल्या मांसाबरोबर आणि आशियाई जेवणाबरोबर घेतात. वसंतात पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा हंगाम असतो, 24 जूनला संपतो. तेव्हा मात्र तिथले लोक बहुतेक सिल्वानर या दुसऱ्या वाणाची कोरडी वाईन पसंत करतात.

सोलापूरहून एक वाचक: किती थंड द्यावी? उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

काबिनेट आणि फाइनहेर्ब 8 ते 10 अंशांना, श्पेटलेझे आणि जुन्या बाटल्या 10 ते 12 ला. घरचा फ्रिज 4-5 अंशांवर असतो. तिथून काढलेली वाईन लगेच ओतली तर वास मिटलेला राहतो आणि नुसता आंबटपणा टोचतो. म्हणून 15-20 मिनिटं आधी बाहेर काढा. उन्हाळ्यात सोलापुरात दहाच पुरतील. ग्लास छोटा, तोंडाशी जरा आवळलेला घ्या आणि एक तृतीयांशच भरा. ग्लासात वाईन गरम होण्याआधी संपते आणि फिरवून वास घ्यायला जागा राहते. बर्फ घालू नका. घाई असेल तर बादलीत अर्धं पाणी, अर्धा बर्फ आणि मूठभर मीठ टाकून बाटली मानेपर्यंत बुडवा. वीसेक मिनिटांत होते.

उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये चार-पाच दिवस छान राहते. आम्ल, साखर आणि गंधक तिघेही तिला सांभाळतात. बऱ्याच तरुण काबिनेट दुसऱ्या दिवशी जास्त खुलतात.

फ्रांकफुर्टहून एक मराठी वाचक: सप्टेंबरमध्ये इथे दुकानात ‘फेडरवाइसर’ नावाची गढूळ, गोड वाईन मिळते. आणली आणि पिशवीभर सांडली. झाकणच सैल होतं. दुकानाची चूक की माझी?

दोघांचीही नाही. फेडरवाइसर म्हणजे अजून आंबत असलेला द्राक्षरस. 4 टक्के अल्कोहोल झालं की तो विकायला परवानगी असते आणि बाटलीत आंबणं चालूच राहतं. तयार होणारा वायू बाहेर पडायला वाट हवी. घट्ट झाकण लावलं तर बाटली फुटेल, म्हणून ते मुद्दाम सैल असतं. बाटली उभीच न्यायची, सायकलच्या पिशवीत आडवी टाकायची नाही. घरीही फ्रिजच्या दारात उभी ठेवा आणि झाकण घट्ट करू नका.

ती तुमच्या हातात आहे तोवर एक प्रयोग करून बघा. गोड आणि कोरडी यांच्या मधली वाईन कशी घडते हे समजून घ्यायचा याहून चांगला मार्ग नाही. दोन बाटल्या आणा, एक फ्रिजमध्ये आणि एक ओट्यावर ठेवा. दोन्हींतून रोज संध्याकाळी घोटभर चाखा. ओट्यावरची पहिल्या दिवशी रसासारखी गोड, मग गोडवा आणि आंबटपणा जुळलेली, नंतर कडसर आणि यीस्टची होत जाईल. फ्रिजमधली तोच प्रवास फार सावकाश करेल. मधला जो दिवस तुम्हाला सगळ्यात आवडेल, नेमक्या तशाच क्षणी वाईनमेकर आंबणं थांबवतो. बरोबर तिथली रीत म्हणून कांद्याचा खारा केक, ‘त्स्विबेलकूखन’ घ्या. पहिल्यांदा एका ग्लासवर थांबा, पोटात वायू होतो.

तुम्ही राइनगाउपासून रेल्वेने तासाभरात आहात. गावांत दारावर झाडू किंवा फांद्यांची जुडी टांगलेली दिसली की आत मळेवाल्याचंच तात्पुरतं पानघर आहे असं समजा. अशा ‘श्ट्राउसविर्टशाफ्ट’ला वर्षात फक्त 4 महिने आणि 40 आसनांपर्यंतच परवानगी असते. तिथे एकाच मळ्याची ट्रोकन, फाइनहेर्ब आणि काबिनेट प्रत्येकी शंभर मिलिलिटर मागवा आणि याच क्रमाने प्या. उलट क्रमाने प्यायलात तर गोडीनंतर ट्रोकन अकारण कडक लागेल.

नागपूरहून एक वाचक: मुलगी जर्मनीहून येताना दोन बाटल्या आणणार आहे. काय मागवू, आणि घरी किती वर्षं ठेवू शकतो?

विमानतळावर माणशी 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं. 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी बसत नाही. बाटल्या मोठ्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत बांधून ठेवायला सांगा.

दोनच आणायच्या असतील तर एक मोझेलची काबिनेट आणि एक नाहे किंवा झारची फाइनहेर्ब. मोझेलसाठी वेलेन गावची झोननउर, उर्झिगची व्युर्झगार्टन किंवा ग्राखची हिमेलराइख यांपैकी कुठलीही बाग चालेल. झोननउर पाटीच्या करड्या-निळ्या दगडावर आहे आणि तिची वाईन नाजूक, पीचसारखी. व्युर्झगार्टनची जमीन तांबडी आहे आणि वाईनला मसाल्याची झाक. 2021 चा हंगाम थंड गेला. त्या वर्षीच्या काबिनेटमध्ये आंबटपणा धारदार आहे आणि आम्हाला त्या विशेष आवडतात. 2018 च्या कडक उन्हाळ्यातल्या त्यामानाने गोलसर आणि मऊ आहेत.

साठवणीचं उत्तर तुमच्या गावावर आहे. 10-12 अंशांच्या तळघरात चांगली काबिनेट दहा-पंधरा वर्षं आणि श्पेटलेझे वीस वर्षांवर सुखाने राहते. या काळात साखरेचा आकडा तोच राहतो, पण चवीला वाईन कमी गोड होत जाते. नागपूरच्या मे महिन्यात मात्र कपाटातली बाटली एका हंगामात म्हातारी होते. द्रव फुगून बूच वर सरकतं, मानेशी चिकट ओघळ येतो, रंग गडद पिवळा होतो. वाईनचा वेगळा फ्रिज नसेल तर घरच्या फ्रिजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला, आडवी ठेवा आणि वर्षाच्या आत प्या. दारात ठेवू नका, तिथे दिवसभर हादरे बसतात आणि तापमान खालीवर होतं. मुलगी मार्चनंतर येणार असेल तर बाटल्या घरी पोहोचल्याच्या दिवशीच फ्रिजमध्ये गेल्या पाहिजेत. प्रवासानंतर आठवडाभर त्या तशाच राहू द्या, मग उघडा.